पिकअपचा मागचा टायर सारखा फुटतोय, पाटा तुटतोय? खर्च करण्याआधी गाडी काट्यावर चढवा

गाडी दीड टन पासिंगची पिकअप, मागे एकेरी टायर. माल टोमॅटोचा, पिंपळगाव बसवंतहून वाशीला. सीझनला आठवड्यातून चार खेपा. तक्रार एकच, पण पिच्छा सोडत नव्हती: मागचा डावा टायर. चौदा महिन्यांत पाच टायर गेले, त्यातले चार डावीकडचे. त्याच काळात पाटा, म्हणजे मागच्या एक्सलवरची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, दोनदा तुटला आणि कसारा घाट उतरताना ब्रेक मऊ पडायला लागला. या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत असं धरून मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पैसे घालत राहिलो. मूळ एकच निघालं, आणि ते सापडायला वजनकाट्याच्या तीन पावत्या पुरल्या.

पाचवा टायर गेला तो शहापूरच्या अलीकडे, पहाटे साडेतीनला. घाट उतरून गाडी सरळ रस्त्याला लागली होती, वेग साठच्या आसपास. आधी डाव्या बाजूला फडफड, मग धाडकन आवाज, आणि गाडीचं मागचं अंग डावीकडे बसलं. स्टिअरिंग हातात होतं पण हलकं, पुढची चाकं रस्त्याला नीट टेकलेलीच नाहीत असं. ब्रेकवर पाय न देता गाडी आपोआप हळू होऊ दिली आणि कडेला घेतली. मागचा कंटेनर हातभर अंतरावरून निघून गेला. क्लीनर पोरगा एकोणीस वर्षांचा. तो खाली उतरून नुसता चाकाकडे बघत उभा राहिला. त्याच्या आईनं त्याला माझ्या भरवशावर पाठवलंय, हे त्या वेळी जेवढं जाणवलं तेवढं आधी कधी जाणवलं नव्हतं.

उजाडल्यावर पंक्चरवाल्यानं टायर रिमवरून सोडवला आणि उलटा करून जमिनीवर आपटला. आतून काळा भुगा पडला, मूठभर, चहाच्या पावडरीसारखा. तो म्हणाला, "भाऊ, खिळा नाही, काच नाही. हा टायर आतून भाजलाय."

हा भुगा लक्षात ठेवा, सगळ्या तपासाची सुरुवात तिथूनच आहे. टायर फिरताना जमिनीला टेकणारा भाग दर फेरीला दबतो आणि परत उठतो. वजन पेलण्याइतकी हवा आत असेल तर हे दबणं थोडं असतं. वजन जास्त किंवा हवा कमी असली की टायरची भिंत जास्त वाकते, प्रत्येक वाकण्यात उष्णता तयार होते, रबर आणि आतले धागे सुटायला लागतात, आणि घासून घासून रबराचा भुगा होतो. वेग जितका जास्त तितकी ही उष्णता बाहेर पडायला कमी वेळ मिळतो. म्हणून असा टायर बहुधा बाजारात उभा असताना फुटत नाही, हायवेवर तासभर पळाल्यावर फुटतो. खिळ्यानं गेलेला टायर हळूहळू बसतो. आतून भाजलेला टायर एकदम जातो.

त्याआधी मी काय काय करून पाहिलं होतं ते सांगतो, कारण बहुतेक जण याच क्रमानं जातात. पहिल्यांदा टायरच खराब निघाला म्हणून कंपनी बदलली. मग अलाइनमेंट केली. मग नायट्रोजन भरला. नायट्रोजननं हवा थोडी कमी उतरते एवढंच, टायरची वजन पेलायची ताकद त्यानं वाढत नाही. मग पाटा तुटला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवू, गाडी बसणारच नाही." वाढवला. गाडी खरंच बसायची थांबली, आणि मला वाटलं ताकद वाढली. यापेक्षा मोठी चूक मी केली नाही. ती का, हे ब्रेकचं सांगताना येईल.

आता काट्याकडे.

माझा हिशेब साधा होता. आरसीवर रिकामं वजन १,७०० किलो, एकूण वजन ३,२०० किलो. वजाबाकी १,५००. भरलेलं कॅरेट २२ किलोचं, २० किलो माल आणि वर कॅरेटचं स्वतःचं वजन. ६८ कॅरेट म्हणजे १,४९६ किलो. चार किलो शिल्लकच. कुणी ओव्हरलोड म्हटलं की मी हाच हिशेब तोंडावर मारायचो.

यातली पहिली खोट रिकाम्या वजनात होती. मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे तीत चालक आणि सोबतचा माणूस धरलेला नाही. एकूण वजनात मात्र सगळं येतं: मी, क्लीनर, डिझेल, ताडपत्री, दोर, पाण्याचा कॅन, आणि गाडी घेतल्यावर आपण जे जे जोडलं ते सगळं. मी हौद्याला लोखंडी जाळीची उंची करून घेतली होती. माल न भरता, आम्ही दोघं बसून, नेहमीच्या सामानासह गाडी काट्यावर चढवली तर आकडा आला १,९९०. दोघांचे १३५, जाळीचे ११०, ताडपत्री-दोर-हत्यारांचे २५, आणि वाढवलेल्या पाट्यांचे २०. हे २९० किलो माझ्या हिशेबात कधी नव्हतेच. मालाला उरत होते १,२१० किलो, म्हणजे ५५ कॅरेट. मी दर खेपेला १३ कॅरेट जास्त वाहत होतो आणि मला वाटत होतं की मी कायद्यात आहे.

भरलेली गाडी चढवली: ३,४८६. म्हणजे २८६ किलो जास्त. एवढ्यानं पाच टायर जातील का, हा प्रश्न मलाही पडला. काट्यावरचे काका जुने. त्यांनी खिडकीतून हात करून सांगितलं, "नुसतं पुढचं चाक चढव. मग पुढचं उतरवून मागचं ठेव." तिथे खरी गोष्ट उघडी पडली. पुढच्या एक्सलवर १,०३५. मागच्या एक्सलवर २,४५१.

गाडीच्या प्लेटवर मागच्या एक्सलची मर्यादा २,१०० लिहिलेली आहे. ही प्लेट सहसा दरवाज्याच्या खांबावर, सीटखाली किंवा बॉनेटच्या आत असते, आणि माझ्या गाडीवर ती सहा वर्षं होती, मी एकदाही वाचली नव्हती. मागे ३५१ किलो जादा. आणि पुढे? रिकाम्या गाडीत आम्ही दोघं बसलेलो असताना पुढच्या एक्सलवर १,११० किलो होते. दीड टन माल भरल्यावर ते वाढायच्या ऐवजी ७५ किलोंनी कमी झाले. माल मागे बसून गाडीचं तोंड वर उचलत होता. शहापूरला स्टिअरिंग हलकं का लागलं, त्याचं उत्तर त्या पावतीवर छापून आलं.

याचं कारण फाळका, म्हणजे हौद्याची मागची उघडणारी झडप. ६८ कॅरेट हौद्यात नीट बसत नव्हते, म्हणून आम्ही फाळका साखळीवर आडवा ठेवायचो आणि त्यावर दोन रांगा रचायचो. बाजारात जाऊन बघा, दर तिसरी गाडी अशीच उभी असते. तरफेचा नियम आहे: मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेला प्रत्येक किलो मागच्या चाकांवर एका किलोपेक्षा जास्त पडतो आणि पुढच्या चाकांवरून वजन काढून घेतो. चाकांमधलं अंतर तीन मीटर असलेल्या गाडीत मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे १५० किलो ठेवले तर मागे २०० किलो वाढतात आणि पुढचे ५० कमी होतात. तेच १५० किलो केबिनच्या भिंतीला लागून, एक्सलच्या एक मीटर पुढे ठेवले तर मागे फक्त १०० पडतात आणि पुढे ५०. माल तोच, काट्यावरचा एकूण आकडा तोच, टायरला मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून सांगतो, वजनाची मर्यादा हा एक आकडा नसतो. एकूण वजनाची वेगळी, पुढच्या एक्सलची वेगळी, मागच्याची वेगळी, प्रत्येक टायरची वेगळी. यातली कुठलीही एक ओलांडली तरी गाडी ओव्हरलोड. मोठ्या गाड्यांचं उदाहरण घ्या. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं एक्सलची वजनं वाढवली, तेव्हा दोन एक्सलच्या ट्रकला पुढे ७ टन आणि मागे चार टायरच्या एक्सलला ११.५ टन ठरले. बेरीज १८.५ टन, आणि ट्रकची एकूण मर्यादाही तेवढीच. बेरजेत एक किलोची सूट नाही. पुढे पाच टन पडले म्हणून मागे साडेतेरा घालता येत नाहीत. आणि ज्यांना वाटतं की २०१८ नंतर कुठल्याही गाडीत पंचवीस टक्के जास्त चालतं, त्यांनी स्वतःच्या आरसीवरचा आकडा बघावा. तुमच्या गाडीला तोच लागू आहे.

टायरचं बघू. टायरच्या भिंतीवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ११०/१०८ आणि पुढे अक्षर. पहिला आकडा एकेरी टायरसाठी, दुसरा जोडटायरसाठी. हे किलो नाहीत, क्रमांक आहेत. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००, ११० म्हणजे १,०६०, ११३ म्हणजे १,१५०. अक्षर वेगाचं. माझ्या गाडीला ११० चा टायर, म्हणजे दोन टायर मिळून २,१२०. मी त्यावर २,४५१ लादत होतो, टायरमागे १,२२५ किलो, तेही माल दोन्ही बाजूंना अगदी सारखा पडला असं धरून. सारखा तो पडत नाही. आपण डावीकडून चालतो, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार दिलेला असतो, गाडी थोडी तिकडे कलते, उंच रचलेला माल आणखी कलवतो. शिवाय डांबराच्या तुटलेल्या कडेवरून उतरतं ते डावंच चाक. डावा टायर आधी का जायचा, हे कोडं असं सुटलं.

एक सावधगिरी. मापाचे आकडे सारखे असले म्हणून टायर सारखा नसतो. तेच माप कारच्या टायरमध्येही मिळतं आणि मालवाहू टायरमध्येही, पण वजनाचा क्रमांक वेगळा असतो. जुनी गाडी घेतली असेल तर चारही टायर आणि स्टेपनी यांचे क्रमांक आजच वाचून घ्या. भिंतीवरच्या चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि हा क्रमांक पूर्ण हवेसाठीच खरा. माझ्या प्लेटवर मागच्या चाकांना ६० पौंड लिहिलंय आणि मी पन्नासवर चालवत होतो, "उन्हाळा आहे, जास्त भरली तर फुटेल" या समजुतीनं. उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. हवा सकाळी, गाडी हलण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. तापल्यावर हवेच्या मीटरचा काटा वर दिसतो तो साहजिक आहे, तेव्हा हवा सोडायची नाही.

आता पाटा आणि ब्रेक. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली.

पाटा वाढवल्यानं गाडी कमी दबते. बाकी काहीच बदलत नाही. एक्सल तोच, बेअरिंग तेच, रिम तीच, टायर तोच, ड्रम तोच, चेसी तीच. गाडी दबणं ही खरं तर तुम्हाला मिळणारी सूचना होती, ती आपण पैसे देऊन बंद करतो. त्यापुढची गोष्ट: बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चेसीपर्यंत एक दांडी आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्ह असतो. मागचं अंग किती दबलंय यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. रिकाम्या गाडीत मागची चाकं लगेच लॉक होऊ नयेत म्हणून जोर कमी, भरलेल्या गाडीत जास्त. पाटा वाढवला की भरलेली गाडीही दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमी लावतो, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. पुढे तर फाळक्यामुळे वजनच नाही, म्हणजे टायरची पकडही कमी. साडेतीन टनांची गाडी मी अशा ब्रेकवर कसारा उतरवत होतो.

घाटात ब्रेकवर काय येतं याचा एक अंदाज देतो. ३,४८६ किलोची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आली तर जी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात चार लिटर साधं पाणी उकळून पूर्ण वाफ होईल. इंजिन गिअरमध्ये असलं तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. गिअर मोकळा सोडला तर सगळी उष्णता ड्रम आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरवर. लायनर तापला की त्याची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल, त्यात ओल शिरली असेल, तर ते उकळतं, पाइपात वाफ होते आणि पाय दाबला तरी नुसता खाली जातो. माझा ब्रेक "मऊ" पडायचा तो असा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आठवावा. तिथे किती वेळा अवजड गाड्यांचा ताबा सुटून माणसं गेली, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर घाट सुरू होण्याआधी टाकायचा.

तुम्ही तपास कसा करायचा? आधी फुटलेल्या टायरच्या आत हात घाला. भुगा आहे की खिळ्याचं भोक, यावर पुढचं ठरतं. भुगा असेल तर गाडी नेहमीसारखी भरून, नेहमीची माणसं बसवून काट्यावर न्या आणि तीन वजनं घ्या: पूर्ण, नुसतं पुढचं एक्सल, नुसतं मागचं. एक्सल तोलताना काट्याच्या पुढे-मागे जमीन सपाट हवी आणि ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर वजन चुकतं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास आलं तर मोजणी बरोबर. मग आरसी, प्लेट आणि टायरचा क्रमांक समोर ठेवून जुळवा. माल उतरवल्यावर एकदा रिकामीही तोला, कारण आरसीवरचं रिकामं वजन आणि तुमच्या गाडीचं आजचं रिकामं वजन यात जाळी, रॅक, जादा पाटे, पत्रे यांचा फरक असतो.

काटा हाताशी नसेल तेव्हा मालाचं वजन अंदाजानं नको, मापानं काढा. सिमेंटची गोणी ५० किलो, लाल वीट तीन किलोच्या आसपास, पाणी लिटरला एक किलो. वाळू सगळ्यात फसवी. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, कोरडी वाळू धरली तरी सुमारे साडेचार टन, ओली त्याहून जड. पाव ब्रास घेऊन जाणाऱ्या छोट्या गाडीवर अकराशे किलोंच्या वर माल असतो आणि हौदा अर्धासुद्धा भरलेला दिसत नाही. टोमॅटो-कोबीच्या गाडीवर डोळ्यांनी अंदाज बांधणारा माणूस वाळूच्या गाडीवर हमखास चुकतो.

ओढण्याचा विषय वेगळा वाटतो पण हिशेब हाच आहे. आमच्याकडे मांडववाल्यांचा जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर पिकअपला जोडून नेतात. ट्रॉलीचं जेवढं वजन हुकावर टेकतं ते पिकअपच्या मालात धरावं लागतं, आणि हूक मागच्या एक्सलच्याही मागे असल्यानं ते फाळक्यावरच्या मालासारखं वागतं. हुकावर १२० किलो, हूक एक्सलच्या मीटरभर मागे, तर मागच्या एक्सलवर १६० वाढतात आणि पुढचे ४० जातात. मग हुकावर काहीच वजन नको, असं म्हणून जनरेटर ट्रॉलीवर मागे सरकवणारेही पाहिलेत. ते जास्त वाईट. हुकावर वजन नसेल तर ट्रॉली साठच्या वेगाला शेपटीसारखी हलायला लागते आणि प्रत्येक झोक्यासोबत झोका वाढत जातो. अशा हलक्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग हुकावर यावा, असं माल मांडायचं. झोका सुरू झालाच तर स्टिअरिंगनं सावरायला जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण उसाच्या हंगामात रस्त्यावर सगळ्यात मोठं वजन तेच ओढतात. ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास, मागे त्याच्या कितीतरी पट ऊस, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. ट्रॉली मागच्या एक्सलच्या वरच्या पातळीला जोडली असेल तर ते जास्त उचलतं, कधी कधी ट्रॅक्टर पूर्ण उलटतो. जोडणी खालच्या हुकालाच हवी. उतारावर ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर जरा वाकडा असला की त्याला आडवा करते. त्यात ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात वळायला. रस्त्यावर येताना ते दोन पेडल खटक्यानं जोडलेच पाहिजेत. न जोडता घाईत एकावरच पाय पडला तर एकच चाक थांबतं आणि मागचं सगळं वजन अंगावर येतं. पाण्याच्या टँकरला आणखी एक: ५,००० लिटर म्हणजे पाच टन, आणि अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वळणावर जास्त धोक्याचा, कारण पाणी एका बाजूला धावतं. न्यायचा तर भरून न्या किंवा रिकामा.

बंद पडलेली गाडी ओढताना दोर लांब ठेवायचा मोह होतो. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आतच ठेवा आणि अगदी हळू जा. इंजिन बंद असलेल्या गाडीत ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग काम करत नाही, म्हणून तिच्यात लहान पोराला नाही, जाणत्या चालकाला बसवा. भरलेली गाडी दोरीनं ओढूच नये.

दंडाचं थोडक्यात. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि जादा माल उतरवायचा खर्च. वजन करायला नकार दिला किंवा गाडी न थांबवता पळवली तर ४०,०००. बाजूला बाहेर आलेल्या मालालाही वेगळा दंड आहे. लायसन्सबद्दल अजून गोंधळ दिसतो: ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोंपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. त्यातही बघायचा तो एकूण वजनाचाच आकडा.

मी काय केलं ते सांगतो. जादा पाटे काढले, व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाला लावून घेतली, ब्रेक ऑइल बदललं. फाळका बंद. ५५ कॅरेट, आणि रचताना केबिनच्या भिंतीपासून सुरुवात, उंच थर पुढे आणि मागे उतरता. पुन्हा तीन वजनं घेतली. पुढे १,२१०, मागे १,९७०, एकूण ३,१८०. खेपेला १३ कॅरेटचं भाडं बुडतं, हे खोटं सांगणार नाही. कॅरेटला ३५ रुपये धरले तर खेपेला ४५५ रुपये, ऐंशी खेपांना ३६,४०० रुपये. पण पाच टायरांचे, दोन पाट्यांचे, दोन वेळच्या लायनरचे आणि शहापूरला उन्हात नासलेल्या मालाचे मिळून याहून जास्त गेले होते. शेतकऱ्यांपुढे पावत्या ठेवून कॅरेटमागे थोडं भाडं वाढवून मागितलं. दोघांनी दुसरी गाडी धरली, बाकीच्यांनी दिलं.

वजन बरोबर करूनही एकाच बाजूचा टायर तापत असेल, तर दहा-बारा किलोमीटर चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. स्पर्श करू नका. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही, किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे. ड्रम ठीक पण जॅकवर चाक हलवल्यावर खडखड लागते, तर बेअरिंग. दोन्ही ठीक आणि टायर फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेला झिजतोय, तर मागचं एक्सल वाकलंय का ते मोजून घ्या. महिनोन्महिने ओव्हरलोड चाललेल्या गाडीत ते वाकतं. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल, तर हवा अजूनही कमी आहे किंवा वजन अजूनही जास्त. पुन्हा काट्यावर जा.